हॅलोबाईंचा आवाज

मी तिसरीच्या वर्गाला शिकवते आणि माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, हे सगळ्या शाळेला ठाऊक आहे. पोरं घाबरतात, शिपाईकाका वाट वाकडी करून जातात, आणि मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, माझ्याशी बोलताना आधी माझ्या कपाळावरच्या आठ्या बघतात. (मोठ्या बाई नावालाच मोठ्या, उंचीने माझ्या खांद्यालाही लागत नाहीत.) पण हॅलोबाईंवर मी कधी चिडल्याचं मला आठवत नाही. चिडायचं तर माणूस समोर यावा लागतो, आणि त्या सहसा कुणाच्या समोर यायच्याच नाहीत.

हॅलोबाई हे नाव पोरांनी ठेवलेलं. जिन्याखालच्या खोलीत एक टेबल, एक खुर्ची, एक काळा फोन आणि भिंतीला टेकवलेली त्यांची छत्री, एवढंच त्यांचं राज्य. सकाळी हजेरी झाली की प्रत्येक वर्गातून न आलेल्या मुलांची नावं त्यांच्याकडे जायची आणि त्या एकेका घरी फोन लावायच्या. "हॅलो, शाळेतून बोलतेय. घाबरू नका हं, काही झालेलं नाही." हे पहिलं वाक्य ठरलेलं. शाळेचा नंबर दिसला की आईबापांच्या पोटात गोळा येतो, म्हणून आधी तो गोळा विरघळवायचा आणि मग कामाचं बोलायचं, ही त्यांची रीत. मग ताप किती आहे, डॉक्टरांना दाखवलं का, धाकटीलाही लागण झाली का, अशी चौकशी चालायची. शेवटी "बरं, ठेवू मी?" म्हणायच्या आणि पलीकडून 'ठेवा' आल्याशिवाय कधीही फोन ठेवायच्या नाहीत.

एवढ्यावर भागत नसे. पालकसभा, लसीकरण, सहल, कुणाच्या तरी डोक्यात झालेल्या उवा, हे सगळे निरोप त्याच द्यायच्या. उवांचा निरोप देणं हे फार नाजूक काम आहे. मी दिला असता तर अर्ध्या आया शाळेवर चालून आल्या असत्या. हॅलोबाई सुरुवातच "माझ्याही लहानपणी झाल्या होत्या" अशी करायच्या. शिवाय त्यांनी स्वतःच स्वतःला एक काम लावून घेतलं होतं. दुपारी सगळे फोन उरकले की त्या आमच्यापैकी एकीला गाठून विचारायच्या, "आज कुणी काही चांगलं केलं का?" आणि मग त्या घरी फोन. तुमच्या मुलीने आज न अडखळता धडा वाचला. तुमच्या मुलाने रडणाऱ्या पोराला आपलं खोडरबर दिलं. एका पोराचा बाप मालगाडी चालवायचा. असा फोन गेल्यावर तो म्हणाला होता, बाई, शाळेतून चांगल्या बातमीसाठीही फोन येतो हे मला आज कळलं. हे सांगताना हॅलोबाई इतक्या खुलल्या होत्या की मीसुद्धा हसले.

आता खरं सांगायचं तर त्या फोनपलीकडे त्यांना कुणी नव्हतं. लग्न केलं नाही. आई होती तोवर आईचं केलं, मग आईही गेली. भाऊ दूरच्या शहरात, वहिनी मोजकं बोलणारी. शाळेतल्या सगळ्या घरांचे आवाज त्यांच्या ओळखीचे, पण चेहरा एकाचाही नाही. पालकसभेला त्या सगळ्यात मागच्या बाकावर बसायच्या, मान खाली घालून ऐकायच्या, आणि एखादा आवाज ओळखीचा लागला की हळूच मान वर करून बघायच्या. एकदा फाटकाशी त्यांनी एका गृहस्थाला विचारलं, "पाठीचं दुखणं कसं आहे आता?" तो बिचारा दचकून दोन पावलं मागे सरला. आपण कोण हे सांगायचंही त्यांना सुचलं नाही. डबा मात्र त्या फोनशेजारीच खायच्या. मधल्या सुट्टीत एखाद्या घरून फोन येऊन जाईल तर, म्हणून.

मग यंत्र आलं.

मोठ्या बाईंनी सभा घेऊन सांगितलं की यापुढे प्रत्येक घराला रोज माहिती जाईल आणि सगळ्यांना एकाच वेळी जाईल. गृहपाठ, डबा, सुट्ट्या, सभा, सगळं. कुटुंब शाळेशी जोडलं पाहिजे, असंही त्या तीनचारदा म्हणाल्या. फोन कोण करणार, तर यंत्र. आणि शाळेत कुणी फोन केला तर उचलणार कोण, तर तेही यंत्रच. आवाज मात्र ओळखीचा हवा. तेव्हा सगळ्यांच्या माना जिन्याखालच्या खोलीकडे वळल्या. हॅलोबाई हरखून गेल्या. आपला आवाज सगळ्या घरांत एकदम जाणार, हे त्यांना मोठं वाटलं. पुढचं त्यांच्या लक्षात आलं नव्हतं, आणि खरं म्हणजे आमच्याही आलं नव्हतं.

संगीताच्या वर्गाच्या खिडक्यांना कसरतीच्या गाद्या लावून आवाज भरला; त्यातले शब्द जुळवून यंत्र पुढे हवा तो निरोप बोलणार होतं. मी मोकळ्या तासाला डोकावले. हॅलोबाई म्हणत होत्या, "हॅलो, शाळेतून बोलतेय. कसे आहात?" आणि गप्प बसत होत्या. पुढचं बोलतच नव्हत्या. यंत्रवाला तरुण होता, सभ्य होता. तो म्हणाला, "मावशी, ते 'कसे आहात' काढून टाकू या."

"का? विचारायला नको?"

"त्यांनी उत्तर दिलं तर ऐकणार कोण?"

हॅलोबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले, दुसरं काय करणार? मग त्या प्रश्न गाळून बोलायला लागल्या. 'ठेवू मी?' चं 'ठेवते' झालं.

यंत्र सुरू झाल्यावर जिन्याखालचा फोन निघाला आणि त्या खोलीत झाडू-बादल्या गेल्या. हॅलोबाईंना काढलं नाही, मोठ्या बाई तेवढ्या कठोर नाहीत. त्यांना मागच्या इमारतीत सापडलेल्या वस्तूंच्या खोलीत बसवलं. तिथे बिनमालकाचे स्वेटर, पाण्याच्या बाटल्या, एका पायाचे बूट. त्या स्वेटर धुऊन, घड्या घालून ठेवायच्या. सुरुवातीला मला वाटेत गाठायच्या. "आज कुणी काही चांगलं केलं का?" मी सांगायचे, त्या मान डोलवायच्या आणि पुढे काही करायचं नसल्यामुळे तशाच उभ्या राहायच्या. नंतर त्यांनी विचारणं सोडलं. मला त्यांची कीव यायची, पण माझ्यामागेही पोरांचा घोळका असतो आणि मागची इमारत वाटेत लागत नाही.

त्यांचा आवाज मात्र सगळ्या शाळेत भरून राहिला. घरोघरी पाठवण्याआधी प्रत्येक निरोप कचेरीत एकदा मोठ्याने वाजायचा. सकाळी हजेरी घेताना आम्हाला ऐकू यायचं, "हॅलो, शाळेतून बोलतेय. घाबरू नका हं." ते कानांना इतकं सवयीचं होतं की यंत्र बोलतंय हे आम्ही विसरूनच गेलो.

माझ्या वर्गात एक चुळबुळ्या आहे. त्याचे आईवडील कामासाठी परगावी असतात, पोराला आजीच सांभाळते. ही आजी एके दिवशी शाळा सुटताना मला फाटकाशी अडवून उभी राहिली. तिच्याही नाकावर राग, माझ्याही. आमचं जमतं.

"बाई, तुमच्या त्या फोनवालीला एवढा तोरा कशाचा आलाय?"

"का आजी, काय झालं?"

"रोज फोन करते. पण मी काही विचारलं की आपलंच घोडं पुढे दामटते. काल म्हटलं, अगं, गुडघा कसा आहे तुझा? तर म्हणे, उद्या रंगपेटी पाठवा. मी म्हटलं, थांब जरा, तर ठेवलासुद्धा. आधी अशी नव्हती हो. माझं काही चुकलं असेल तर तोंडावर सांगावं माणसानं."

"आजी, त्या बोलतच नाहीत. यंत्र आहे ते. त्यांचा आवाज भरून ठेवलाय."

मी थट्टा करतेय असं आजीला वाटलं असावं. मग म्हणाली, "आणि ती कुठाय?"

"आहेत की, मागे."

"मग बोलाव तिला. मला तिच्याशीच बोलायचंय."

मी मागच्या इमारतीत गेले. खोलीला कुलूप होतं. शिपाईकाकांना विचारलं तर ते म्हणाले, त्या आता वरच्या मजल्यावर बसतात ना? वर विचारलं तर चौथीच्या बाई म्हणाल्या, अगं, सकाळीच तर ऐकलं मी त्यांना. मोठ्या बाईंनी कपाळाला आठी घातली आणि म्हणाल्या, "रजेवर असतील. पण मग कळवलं कसं नाही?" किती दिवसांपासून त्या दिसल्या नाहीत, हे कुणालाच सांगता येईना. ज्या शाळेत एक पोर आलं नाही तर तासाभरात घरी फोन जायचा, त्या शाळेतून ही बाई नाहीशी झाली होती आणि आम्ही रोज तिचा आवाज ऐकत होतो.

घर शिपाईकाकांना माहीत होतं. चुळबुळ्याला त्यांच्यापाशी बसवून मी निघाले. आजी बरोबर आलीच, नको म्हणून ऐकणारी ती नव्हे.

दुसऱ्या मजल्यावरची एक खोली. दार बंद. मी वाजवलं, आवाज नाही. शेजारच्या दारातून शिवणयंत्राची घरघर येत होती, ती थांबली आणि गळ्यात टेप घातलेली एक बाई बाहेर आली.

"आहेत की त्या आत," ती म्हणाली. "रोज सकाळी बोलत असतात. मला वाटलं, कुणी पाहुणे आलेत. म्हटलं, बरं झालं, एकटीच असते बिचारी."

आजीने तिला हाताने बाजूला केलं आणि दारावर थाप मारली. "मी आलेय गं. चुळबुळ्याची आजी. उघड."

आतून बऱ्याच वेळाने आवाज आला, "कडी नाही लावलेली. ढकला."

हॅलोबाई पलंगावर होत्या. न्हाणीघरात पाय घसरला होता, घोटा सुजून तांब्याएवढा झाला होता, आणि त्यात ताप भरलेला. उशाशी पाण्याची बाटली, बिस्किटांचा रिकामा पुडा आणि मोबाइल. केस विंचरलेले नव्हते, तरी आम्हाला बघून त्यांनी पदर सारखा केला. आजीने त्यांच्या कपाळाला हात लावला. दोघी एकमेकींना आयुष्यात पहिल्यांदा बघत होत्या. ओळखीच्या आवाजाचा चेहरा बघताना हॅलोबाईंच्या डोळ्यांना धार लागली.

मी डॉक्टरांना फोन केला. शेजारणीने दूध गरम करून आणलं आणि ती दारातच उभी राहिली, तोंड एवढंसं करून. मला राग आला होता, पण तो काढायचा कुणावर ते कळेना. मग मी तो त्यांच्यावरच काढला.

"बाई, कमाल आहे तुमची. एक फोन करता येत नव्हता शाळेत?"

"केला ना," त्या म्हणाल्या. "रोज केला. सकाळी हजेरीच्या वेळेला. न कळवता मी कधी घरी राहिले नाही, मोठ्या बाईंना सांगा हं तुम्ही तेवढं. पहिल्या दिवशी सांगितलं, पाय मुरगळलाय. मग सांगितलं, ताप आलाय. काल सांगितलं की उठवत नाही, कुणाला तरी पाठवता का म्हणून."

"मग? उचलला कुणी?"

"मीच."

मला क्षणभर वाटलं, तापात बरळताहेत. मग लक्षात आलं. शाळेत आलेले फोन आता यंत्रच उचलतं, त्यांच्याच आवाजात. ते घरच्यांचे निरोप ऐकून घेतं आणि साठवून ठेवतं. ते उघडून ऐकायचं काम कुणाचं, हे त्या सभेत कुणी विचारलंच नव्हतं.

आजीला हे सगळं समजलं की नाही कोण जाणे. ती पलंगाच्या कडेवर बसून त्यांचा घोटा मांडीवर घेत म्हणाली, "मग काय म्हणाली गं ती तुला?"

"चांगलं बोलली," हॅलोबाई म्हणाल्या. "कळवलंत ते बरं केलंत म्हणाली. काळजी घ्या म्हणाली." त्यांनी उशाशी पडलेला मोबाइल उलटा करून ठेवला. "तेवढं ऐकायला मग मी दुपारीही लावायचे."