मायचा पहिला फोन

व्हिडिओ कॉलवर धाकटी नात बोलत नाही, नुसती हसते, तरी जीव निवतो. मग मायचा फोन आठवतो आणि तोच जीव कासावीस होतो.

भिलाईचा कारखाना उभा राहत होता, मी तिथं कामाला होतो. ट्रंक कॉलचा दिवस पत्रानं कळवला, तशी माय दोन कोस चालत तालुक्याच्या पोस्टात आली. फोन तिनं पहिल्यांदाच कानाला लावला होता.

“बराबर जेवून राहिली ना वो माय? पाय दुखते का?”

मी दोन-तीनदा “हॅलो, हॅलो” ओरडलो.

“बोलून कावून नाही राहिली? मले ड्युटीवर जाचं हाय!” चिडून मी फोन आपटला.

दिवाळीत गावी गेलो, तेव्हा पोस्टमास्तर म्हणाले, “तुह्या हरेक बोलण्याले माय मान हालवून राहिली होती गा. तू फोन ठेवला, तरी हालवतच होती.”