व्याह्यांच्या बोटीतलं पाणी

मुलगी बाळंतपणाला माहेरी आली आणि माझा हात तिच्या कपाळावरून हलेना. चहा देताना हात, वेणी घालताना हात, ती झोपली की मच्छरदाणीत घालून हात. शेवटी ती वैतागली. म्हणाली, आई, तू नर्स आहेस की थर्मामीटर? मी हसले, मोरीत जाऊन उगाच दोन भांडी विसळली आणि परत येऊन पुन्हा हात लावला.

मी आगरदांड्याकडच्या एका उपकेंद्रात आरोग्य सेविका आहे. अर्धी नोकरी लोकांच्या टाक्यांत आणि पिंपांत डोकावण्यात गेली. मुलगी दिली खाडीपलीकडे, दिघीला. आमच्या जेट्टीवर उभं राहिलं की तिच्या सासरचा किनारा दिसतो, पण तालुका वेगळा, दवाखाना वेगळा, साहेब वेगळे. पोटुशी असताना भर पावसात तिला तिकडे थंडी वाजून ताप आला. रक्त तपासलं तर मलेरिया. गोळ्या घेतल्या, ताप उतरला, सगळे म्हणाले, झालं.

झालं नव्हतं. या तापाचे जंतू यकृतात दडी मारून बसतात. त्यांना मारणारी गोळी वेगळी असते आणि ती गरोदर बाईला देता येत नाही. बाळंत झाल्यावरही, मूल अंगावर पीत असेल तर डॉक्टर लगेच देत नाहीत. म्हणजे आणखी कितीतरी महिने ताप तिच्यात लपून राहणार, वाटेल तेव्हा उठणार. आणि उठला की तिला चावलेला डास तोच ताप दुसऱ्याला देणार. हे मी गावोगावच्या बायकांना शांतपणे समजावत आले होते. स्वतःच्या घरात समजावताना माझी बोबडी वळली. मी नवऱ्याला सांगून टाकलं, सव्वा महिना झाला तरी मी पोरीला पाठवणार नाही. तो म्हणाला, व्याही काय म्हणतील? मी म्हटलं, म्हणू देत.

तोंडानं म्हटलं खरं. पण व्याह्यांसमोर माझं तोंड कधी उघडलंच नव्हतं.

गोष्ट डोहाळजेवणाची. दिघीला त्यांच्या दारात मांडव, बायकांची गाणी, पोरगी झोपाळ्यावर बसलेली. ओटीतले तांदूळ हाताला चिकटले म्हणून मी हात धुवायला मागच्या परसात गेले. तिथं व्याह्यांची लाकडी बोट ओढून ठेवलेली होती. इंजिनाचं काम अडल्यामुळे नारळी पौर्णिमा उलटली तरी ती पाण्यात गेली नव्हती. आत पावसाचं पाणी साठलेलं, काचेसारखं स्वच्छ. मी सवयीनं वाकून पाहिलं. पाण्यावर अळ्या आडव्या पडून होत्या. साध्या डासाच्या अळ्या डोकं खाली करून लटकतात. मलेरियाच्या डासाच्या अशा पाण्याच्या पृष्ठभागाला लागून सपाट पडून असतात. माझ्या पोरीच्या खोलीची खिडकी तिथून हात लांब केला तर लागली असती.

दुसऱ्या कुणाची बोट असती तर मी पदर खोचून तिथंच बादली मागितली असती. पण मुलीची आई मुलीच्या सासरी पाहुणी म्हणून जाते, वाढतील ते खाते आणि छान झालंय म्हणते. तिनं काही खोड काढली की तिच्या माघारी पोरीला ऐकून घ्यावं लागतं. मी विहिणीला हसत हसत म्हटलं, बोटीत पाणी बरंच साचलंय हो. ती म्हणाली, त्या बोटीबद्दल या घरात कुणी बोलत नाही, पाणी काढलं तर उन्हानं फळ्या सुकतात, सांधे उघडतात म्हणे. मग कानाशी येऊन म्हणाली, सुनेपेक्षा बोटीचे लाड जास्त आहेत. आम्ही दोघी हसलो. मला रडू येत होतं.

आमच्या किनाऱ्यावर मलेरिया जवळजवळ विसरला गेला होता. वर्षानुवर्षं रक्ताचे नमुने कोरे निघायचे. मग बांधकामं वाढली, लांबून कामगार आले, बोटींवर परगावचे खलाशी आले, आणि ताप परतला. कुणी आणला यावर दोन्ही काठांची भांडणं. आम्ही म्हणायचो पेशंट पलीकडचा, ते म्हणायचे अलीकडचा. मी प्रत्येक मीटिंगला एकच वाक्य टाकायचे, साहेब, डासाला फेरीबोटीचं तिकीट लागत नाही. लोक हसायचे आणि चहा यायचा.

मुलगी आजारी पडल्यावर मात्र मला चहा गोड लागेना. तिकडच्या सिस्टरला मी आपणहून फोन केला. त्या दिवसापासून आम्ही दोघी एकमेकींना रोज कळवू लागलो, कोण तापात आहे, कोण अर्धवट गोळ्या खाऊन बोटीवर निघून गेला, कोण फेरीनं तुमच्याकडे येतोय. एक खलाशी तर आमच्या जेट्टीवर उतरला तेव्हा मी उरलेल्या गोळ्या घेऊन समोर उभी. तो घाबरून म्हणाला, मॅडम, तुम्हाला कसं कळलं? मोठ्या साहेबांना हे पटलं आणि दोन्ही तालुक्यांची बैठक झाली. ठरलं की दोन्ही काठांवर एकाच दिवशी पाहणी करायची. त्यात तिकडची सिस्टर बोलली. तिचं म्हणणं असं की आपल्या गावात आपलं कुणी ऐकत नाही. एक घर मामाचं, दुसरं आत्याचं, टाकीचं झाकण उघडायच्या आधी लाडू पुढे येतो. तेव्हा माणसांची अदलाबदल करू. तुम्ही इकडे या, आम्ही तिकडे येतो. परक्याला कुणी लाडू देत नाही.

सगळ्यांना पटलं. टाळ्या झाल्या. मी पण वाजवल्या, आणि वाजवता वाजवता लक्षात आलं की मला दिघीला जायचंय.

त्या आठवड्यात माझं मन कशातच लागेना. माझ्या वाटणीला नेमकी व्याह्यांचीच आळी आली होती; ती बदलून मागावी असं शंभरदा वाटलं. बदलून घेतली असती तर कुणीही काही म्हटलं नसतं, आणि दुसरी कुणी बोट बघून वरवर औषध टाकून निघून गेली असती. पोरीला काही सांगितलं नाही. तिनं ओळखलं. फेरीला निघताना एवढंच म्हणाली, बाबांना दुखवू नकोस. सासऱ्यांना ती बाबा म्हणते. मी मान डोलावली आणि वाटभर तिचाच राग करत बसले.

व्याही दारातच होते. मागे आमची माणसं, फवारणीचे पंप, आणि पुढे मी, पांढरा कोट घालून. त्यांनी खुर्ची टाकली, आत चहाला सांगितलं. मी उभीच राहिले. म्हटलं, आज चहा नको, परस बघायचाय. ते मागून आले. बोटीपाशी मी पळी बुडवली आणि पाणी त्यांच्यासमोर धरलं. आवाज माझा नेहमीचाच निघाला, टाक्यांवर ओरडणारा. सांगितलं की ताप यातनंच उठतो, आणि पाणी आज काढायला हवं.

त्यांनी पळीत वाकून पाहिलं. मग त्यांनी फळ्या, सांधे, दुरुस्तीचा सुतार सगळं सांगून पाहिलं. मी नाही म्हणत राहिले. विहीण मागच्या दारात येऊन उभी होती, पदर तोंडाशी धरून.

"विहीणबाय," ते शेवटी म्हणाले, "तुमी पोरीला परत धाडनार न्हाय, असं आमच्या कानावर आलंय. या पान्यापायी?"

माझ्या घरातली गोष्ट खाडी ओलांडून आली होती. मी हो म्हटलं.

ते खाली बसले, बोटीच्या बुडाशी हात घातला आणि बूच ओढलं. पाणी वाळूत पसरलं. त्यात अळ्या तडफडत होत्या. बोट रिकामी व्हायला वेळ लागला. मग त्यांनी हात झटकले आणि विचारलं, "आता धाडाल?"

इथं हो म्हणून सुटता आलं असतं. पोरीलाही तेच हवं होतं. पण मी खोटं बोलले असते. मी त्यांना सांगितलं की बोट सुकली तरी ताप पोरीच्या अंगातच आहे, लपून. ती बाळाला घेऊन आली आणि ताप उठला, तर शेजारच्या टाकीतला डासही तिच्याकडून तो घेईल आणि पाळण्यात नेऊन देईल. एका परसानं भागत नाही. आजूबाजूच्या सगळ्या आळीनं पाणी झाकलं तरच मी तिला पाठवीन.

मला वाटलं, आता नातं तुटलं. व्याह्यांनी खांद्यावरचा टॉवेल नीट केला आणि शेजारच्या कुंपणाचा झाप सारून ते सरळ आत शिरले. आम्ही मागोमाग. शेजारी त्यांचा चुलतभाऊ. आमच्या माणसाला त्यानं सकाळीच, टाकी साफ आहे, म्हणून वाटेला लावलं होतं. आताही तो हसत पुढे आला, बसा म्हणाला.

व्याही बसले नाहीत. "टाकीचं झाकन काढ," ते म्हणाले. "माजं नातवंड येनार हाय."