हरणाबाईच्या छातीवरच्या रेघा

तुमच्या घरातल्या बाईचं थान कापलं, तर शेजाऱ्याला काय सांगाल? "पोटाचं आपरेशन झालं," हेच ना? म्हसवडजवळच्या वस्तीवर हरणाबाईच्या नवऱ्यानं, अर्जुनानं हेच सांगितलं. लांडग्याच्या अंगावर धावून जाणारा गडी, पण बायकोच्या दुखण्याचं नाव त्याच्या तोंडातून निघेना.

दुष्काळी कामावर हरणाबाई माझ्या शेजारी खडी फोडायची. मुकादमानं एका बाळंतिणीला हाकललं तेव्हा मी भांडले, आणि माझ्या मागं पहिली उभी राहिली ती हीच.

पंचाहत्तर साली कॅन्सरच्या गाठीपायी मिरजेच्या दवाखान्यात तिचं डावं थान काढलं. मग मशीनचा शेक, म्हणजे किरणांचा उपचार, सुरू झाला. तो नेमका कुठं द्यायचा म्हणून डॉक्टरांनी छातीवर जांभळ्या शाईनं रेघा आखल्या आणि बजावलं, पाणी लावू नका. अर्जुना फाटकापर्यंत यायचा अन् बाहेर बसायचा. म्हणायचा, "बायकांच्या वार्डात माजं काय काम?"

शेक अर्धा झाला आणि माघात पोराच्या लग्नासाठी ती घरी आली. हळदीला वरमाईची आंघोळ ही रीत. थोरली जाऊ बयाबाई म्हणाली, "अगं, वरमाय पारोशी ऱ्हाती व्हय?"

"पाणी लावू नगं म्हणलंय, आक्का."

बयाबाईनं तिचा पदर सारला, रेघा बघितल्या. "कुनाची करणी गं ही!" हळद-तेल लावून तिनं त्या घासून काढल्या. मायेनंच काढल्या.

हरणाबाई परत मिरजेला गेलीच नाही. वैशाखात मी वस्तीवर गेले, तर ही उन्हातही पदर आवळून बसलेली.

"का गं गेली न्हाईस?"

"रेघा गेल्या न्हवं. डाक्टर म्हणंल, माणूस हाय का म्हसरू? एवढंबी जपता आलं न्हाई."

"येडे, रेघा पुन्यांदा वढत्यात!"

"व्हय? मग मला कुनी सांगितलं का न्हाई?"

मी अर्जुनावर उसळले. "तू का इचारलं न्हाईस रं?"

"काय म्हणून इचारू, बाई?" तो जमिनीकडं बघत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिला एष्टीत घातलं. डॉक्टर रागावले नाहीत, रेघा आखल्या. पण गाठी काखेतून गळ्यापर्यंत पोचल्या होत्या. शेजारच्या खाटेवर शिराळ्याची साळूबाई, तेच आपरेशन झालेली. म्हणाली, "ये गं. मीबी एका बाजूचीच. दोघी मिळून एक अख्खी बाई!"

हरणाबाई हसली. तिच्या दुखण्यात ती हसलेली मी पहिल्यांदाच बघितली. मग दोघी एकत्र जेवायच्या, एकत्र रडायच्या. अर्जुनाला मी दंडाला धरून आत आणला, तर तो तिचे पाय दाबत बसला.

आखाडात हरणाबाई गेली. साळूबाई तिला माघात भेटली असती, तर रेघा पुन्हा आखतात हे तिनं सांगितलं असतं, शेक बुडाला नसता. मग ती वाचली असती का, ते मी सांगू शकत नाही.

तुमच्या आळीत अशी कुणी असेल, तर उद्या तिच्यासंगं एष्टीत बसा. फाटकाशी थांबू नका. आत जा, डॉक्टरला विचारा, आणि जे कळेल ते तिला तिच्या बोलीत समजावून सांगा.