मोहाच्या दिवसांत घरपोच मतपत्रिका

निवडणुकीच्या कामावरून परतलेला माणूस सोबत दोन गोष्टी हमखास आणतो : रापलेला चेहरा आणि सांगायला निदान चार प्रसंग. चेहरा आठवड्याभरात पूर्ववत होतो. प्रसंग मात्र प्रत्येक सांगण्यागणिक वाढत जातात, आणि वर्षभरात आपल्याच स्टाफरूममध्ये आपल्यालाच ओळखू येईनासे होतात. मी महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. ऐकीव गोष्टींवर माझा विश्वास नाही. म्हणून जे माझ्या डोळ्यांसमोर घडलं आणि जे अजून वाढलेलं नाही, तेवढंच इथे मांडते आहे.

पंच्याऐंशी वर्षांपुढच्या मतदाराने आधी मागणी केली, तर मतपत्रिका आता त्याच्या घरी जाते. यंत्र नाही, बटण नाही. कागदाची मतपत्रिका, पेन, लिफाफे, एक कुलूपबंद पेटी आणि आडोशाला पुठ्ठ्याची घडीची चौकट. चिचगडच्या बाजूच्या गावांत हे सगळं घेऊन फिरणाऱ्या पथकाची मी प्रमुख होते. माझे सहकारी कामठ्याचे तुरकर गुरुजी, प्राथमिक शाळेत उभी हयात घालवलेले. आमच्यावर लक्ष ठेवायला गोंदियाच्या एका बँकेतले तिवारीजी, निरीक्षक म्हणून. गाडीवर मुन्ना, तोही गोंदियाचाच. शिवाय एक व्हिडिओवाला आणि एक बंदूकधारी शिपाई. हे दोघं फारसे बोलत नसत.

नियम एकच, पण कडक होता. मतदार पहिल्या फेरीत घरी सापडला नाही, तर दुसरी फेरी. तेव्हाही नसला, तर त्याचं मत गेलं. घरी मतदान मागितलेलं असल्यामुळे नंतर केंद्रावर जाऊनही ते देता येत नाही.

हा नियम मी प्रशिक्षणात लिहून घेतला तेव्हा तो मला निर्दोष वाटला होता.

*

पहिल्याच सकाळी सुकवारोबाई मडावी घरी नव्हत्या. नव्वदीकडे झुकलेल्या या आजी गेल्या कुठे, असं विचारलं, तर अंगण सारवणारी सून म्हणाली, “बुढी मोह वेचाले गेली.”

मार्च सरून एप्रिल लागला होता. पहाटेपासून मोहाची फुलं जमिनीवर टपटपत होती आणि अर्धं गाव टोपल्या घेऊन जंगलात होतं. मी हातातल्या यादीकडे पाहिलं आणि वकिली प्रश्न केला, की ज्यांना केंद्रावर जाणं जमत नाही म्हणून आम्ही आलो, त्या जंगलात कशा जातात?

“बूथवर जावाले नाही होत तिच्यानं,” सून शांतपणे म्हणाली. “मोहाखाली जावाले होते.”

तिवारीजींनी माझ्याकडे पाहिलं. काटेकोर बोलायचं तर नियमाला फक्त वय हवं असतं, चालण्याची परीक्षा नको असते. तेव्हा माझा प्रश्नच गैरलागू होता. आम्ही वाट पाहिली, आजी आल्या नाहीत. दुसऱ्या फेरीचा दिवस सांगून, आणि तो शेवटचा आहे हेही सांगून, मी उठले.

तेव्हा सुनेचा सारवणारा हात पहिल्यांदा थांबला. घरी मतदानाचा अर्ज तिनेच भरून दिला होता, सासूला उन्हात नाल्यापलीकडच्या बूथपर्यंत चालावं लागू नये म्हणून. सासूने आजवर एकही मतदान चुकवलेलं नव्हतं.

“मॅडम, मत गेलं तं बुढी मले या घरात राहू देणार नाही,” ती म्हणाली. हे ती गमतीने म्हणत नव्हती.

*

पुढच्या गावात एक वृद्ध दांपत्य होतं. आधी आजीबाई आडोशामागे बसल्या. बराच वेळ गेला. मग आतून आवाज आला, “बाई, हे वाजून नाही राहिलं.”

आमच्या लक्षात आलं. इतकी वर्षं यंत्राची सवय; त्या मतपत्रिकेवरच्या चिन्हावर अंगठा दाबून ‘पीं’ वाजण्याची वाट पाहत होत्या. आम्ही काही सांगण्याआधीच आजोबा खाटेवरून बंद पंख्याकडे बोट दाखवत समजुतीने म्हणाले, “कसं वाजन? सकाळपासून गावात लाईन नाही.”

गुरुजींनी पाठ फिरवूनच, पेनने खूण कशी करायची ते त्यांना समजावलं. मत झालं, लिफाफा बंद झाला, पेटीत पडला. आजोबांना राहवेना. कुणाला दिलं, असं त्यांनी हळूच विचारलं.

“लाईन नव्हती ना,” आजीबाई म्हणाल्या. “दिसलं नाही मले.”

*

एका आजोबांनी पुठ्ठ्याच्या चौकटीत डोकं घातलं आणि ते बाहेर काढलंच नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आतून संथ, खोल श्वास ऐकू येऊ लागला.

मतदाराला झोपेतून उठवावं की नाही, याबद्दल पुस्तिकेत काही नाही. मी ती पुन्हा चाळली. आत डोकावणं म्हणजे गुप्ततेचा भंग. तिवारीजींचं मत पडलं, “मॅडम, आवाज़ दे सकते हैं, झाँक नहीं सकते.” ही तात्त्विक विभागणी मला आजही बिनतोड वाटते. गुरुजींनी वर्गात देतात तशी हाक दिली, “बाबाजी, झोपलात का?”

आतून ठणठणीत उत्तर आलं, “झोपलो नोहो. इचार करून राहिलो.”

त्यानंतर मत व्हायला आणखी दहा मिनिटं लागली. राज्यशास्त्राच्या वर्गात मी मुलांना सांगत असते, की मत विचारपूर्वक द्या. एवढं मनावर घेतलेला मतदार मला पहिल्यांदाच भेटला.

*

तिसऱ्या दिवशी उन्हाने आमचा गोंद वाळून दगड झाला. लिफाफे चिकटेनात. तिवारीजी गाडी चिचगडला पाठवा म्हणू लागले. ज्या घरात बसलो होतो तिथल्या काकूंनी आमची चिंता ऐकली, चुलीवरच्या भांड्याचं झाकण काढलं आणि पळसाच्या पानावर शिजलेल्या भाताची चार शितं आणून ठेवली.

आमच्या धानाच्या जिल्ह्यात पतंगापासून शाळेच्या तक्त्यापर्यंत सगळं भातानेच चिकटत आलेलं आहे. तरीही मी कचरले. तेव्हा गुरुजी म्हणाले, “मॅडम, लिफाफा बंद करा असं लिहिलं आहे. गोंदाचं नाव कुठं आहे?” मी तपासलं. नव्हतं.

मतदाराने स्वतःच्या हाताने भाताने लिफाफा चिकटवला. पुढे कित्येक दिवस मला खात्री होती, की यावर कुणीतरी जाब विचारणार. कुणी विचारला नाही. तिवारीजींनी आपल्या अहवालात लिहिलं होतं, ‘गोंद अनुपलब्ध, स्थानिक चिकट पदार्थ वापरला. पकड उत्तम.’

*

एका बौद्ध कुटुंबातल्या बाबांना आम्ही कळवलं होतं, की अंथरुणावरूनही मत देता येईल. पोचलो तर ते आंघोळ करून, पांढरा सदरा घालून खुर्चीवर बसलेले. उठवताना दोघांना धरावं लागलं होतं, असं त्यांची सून सांगत होती. शेजारी मुलगा उभा. तो एका पक्षाचा कार्यकर्ता, आणि वडिलांचं मत म्हणजे घरचंच मत, अशा थाटात तो आडोशाजवळ सरकला.

मी त्याला बाहेर जायला सांगणार, तोच बाबा म्हणाले, “तू प्रचार करतोस, मी कधी आडवा आलो का?”

“नाही, बाबा.”

“मंग आता तू बी नको येऊ.”

मुलगा निमूटपणे अंगणात जाऊन उभा राहिला. मत देऊन झाल्यावर बाबांनी मला हात जोडले. मला काय करावं ते कळेना; मीही जोडले. कृतज्ञता हा शब्द मी जपून वापरते, पण त्या दिवशी गाडीतून परतताना दुसरा शब्द सापडत नव्हता. नेमणुकीचा आदेश आला तेव्हा तो रद्द व्हावा म्हणून मी दोन अर्ज केले होते. ते दोन्ही फेटाळणाऱ्या अनाम कारकुनाचे मी मनातल्या मनात आभार मानले.

*

आणि मग सुकवारोबाईंची दुसरी फेरी.

आम्ही मुद्दाम सकाळी गेलो. सून फाटकातच उभी होती आणि तिचा चेहरा पाहूनच कळलं. आजी पहाटेच्या अंधारातच निघून गेल्या होत्या. सून दोनदा बोलवायला जाऊन आली होती. आज फुलं फार पडली आहेत, आपण उठलो तर ढोरं सगळी खाऊन टाकतील, कागद इथेच झाडाखाली आणा, असा निरोप होता. आता बूथवरही मत देता येणार नाही, हे सासूला सांगायची सुनेची हिंमत झाली नव्हती.

गुरुजी म्हणाले, जाऊ या. तिवारीजी म्हणाले, “मॅडम, रूल में घर लिखा है. पेड़ नहीं.” मी तिवारीजींच्या बाजूची होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं बरोबर असणं मला आवडलं नाही. सुनेने खाटेवरची चादर पुन्हा एकदा झटकून सारखी केली.

मी पेटी आणि पथक अंगणात ठेवलं आणि मुन्नाला घेऊन नाल्यापलीकडे गेले. एका मोठ्या मोहाखाली आजी उकिडव्या बसून फुलं वेचत होत्या. जंगलात असला तरी तो मोह मडाव्यांच्याच घरचा मानतात. दुसरं माणूस त्याच्या फुलांना हात लावत नाही. ढोरांना मात्र ही रीत ठाऊक नसते. दोन गाई बाजूलाच टपून उभ्या होत्या.

मी नमस्कार करून सगळं सांगितलं. त्यांनी वर न पाहता उत्तर दिलं, “तुमचा कागद उद्या बी राहते. माहा मोह उद्या ढोराच्या पोटात राहते.”

“कागद उद्या राहणार नाही, आजी. आज शेवटचं. यानंतर बूथवरही देता येणार नाही.”

आता हात थांबला. “बूथवर बी नाही? कोण म्हणते?”

“नियम आहे.”

त्यांनी माझ्याकडे, मग त्या गाईंकडे पाहिलं. “मंग त्या नियमाले बसवा इथं, मोह राखाले.”

त्या उठत नव्हत्या, मी हलत नव्हते, आणि फुलं आमच्यामध्ये एकेक करून पडत होती. तेवढ्यात मुन्नाने चपला काढून बाजूला ठेवल्या. “मैं बैठता हूँ ना, मॅडम. मेरा तो वैसे भी अंदर कोई काम नहीं.”

मुन्नाने मोह आजवर फक्त बाटलीत पाहिला असावा, अशी मला शंका होती. आजींनाही असावी. त्यांनी त्याला नीट निरखलं, गाई हाकलायला दगड कुठे आहेत ते दाखवलं, कोणती गाय ऐकत नाही तेही दाखवलं, आणि मग काठी टेकत माझ्याबरोबर निघाल्या.

घरी आल्यावर त्यांनी हातपाय धुतले, पदर सारखा केला आणि त्या सुनेने सजवलेल्या खाटेवर न बसता जमिनीवर बसल्या. पुठ्ठ्याची चौकट त्यांच्यापुढे ठेवली. सगळ्यांनी पाठ फिरवली. सुनेने तर डोळेही मिटले. थोड्या वेळाने थाप मारून लिफाफा चिकटवल्याचा आवाज आला. तो पेटीत पडल्यावर सून स्वयंपाकघरात गेली आणि तिने भांडी जरा मोठ्यानेच वाजवायला सुरुवात केली.

मुन्नाला आणायला मी आजींबरोबर पुन्हा झाडाखाली गेले. दोन्ही गाई लांब हुसकलेल्या. मुन्ना उकिडवा बसलेला, मान खाली, शर्ट घामाने भिजलेला, आणि टोपली काठोकाठ भरलेली. राखायला सांगितलं होतं. त्याने वेचूनही टाकलं होतं.

आजींनी टोपलीत हात घातला. मूठभर फुलं वर काढून उलटसुलट पाहिली आणि परत सोडली. मग माझ्याकडे वळल्या.

“पुढच्या टायमाले बी यालेच आणजा,” त्या म्हणाल्या. “मोह हा वेचन. मत मी टाकीन.”