एकोडीच्या बांधीतलं भोक

ते शिकाऊपणाचं वर्ष म्हणजे नुसता छळ होता. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. भूगर्भशास्त्राची पदवी घेऊन नोकरीला लागलो, पण पहिलं वर्ष प्रशिक्षणाचं. उन्हाळाभर एकोडीच्या एका बांधीत, धानाच्या वावरात, यंत्रानं भोक पाडायचं आणि निघालेल्या दगडाच्या कांड्या पेटीत ओळीनं लावून मोजायच्या. शोधत होतो कायनाइट, भट्टीच्या विटांना लागणारा निळसर दगड. मग पावसाळ्यात साकोलीच्या भाड्याच्या खोलीत बसून, खाली साठा किती ते काढायचं. ते वरिष्ठांच्या पसंतीला उतरलं तरच नोकरी पक्की.

त्यात ते बांधीवाले काका! आषाढ लागल्यापासून दर बाजारच्या दिवशी एसटीनं येत, माझ्या दारात छत्री झटकत आणि विचारत, "साहेब, रोवू का नोको?"

पऱ्हे, म्हणजे रोवायची धानाची रोपं, तयार होते. पण खाणच होणार असेल तर रोवणीत जीव कायले घालायचा, हा त्यांचा सवाल. आणि वावर तेवढं एकच. घरचा वर्षाचा तांदूळ त्यातलाच.

"काका, मला नका हो विचारू. वरच्या साहेबांना विचारा."

"त्यायले कायले इचारू? गोटे तं तुमीच मोजले ना!"

आता काय कपाळ फोडून घ्यायचं? तिसऱ्यांदा आले तेव्हा छत गळत होतं, नकाशावर शाई पसरलेली आणि माझं डोकं फिरलेलं. थराची जाडी मात्र झकास निघाली होती. मी खेकसलोच, "नका रोवू जा! खाली भरपूर माल आहे. खाण होणार." काका मान हलवून निघून गेले. खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं.

पंधरा दिवसांनी वरिष्ठ आले. नकाशा पाहिला आणि कपाळावर हात मारला. "अरे गाढवा, थर तिरपा आहे आणि तू भोक पाडलंस सरळ खाली. काकडी तिरपी कापली की फोड लांब निघते, म्हणून काकडी जाड होते का?"

कॉलेजात पहिल्या वर्षाला शिकवतात हो हे! खरी जाडी निम्मीसुद्धा नव्हती. खाणबिण काही होणार नव्हती. मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. ते मात्र हसले. "जाऊ दे. शिकाऊ आहेस, चुकणारच. दुरुस्त कर." दुरुस्त केलं, आणि माझी नोकरी पक्की झाली.

एकोडीला गेलो तेव्हा रोवण्या आटपत आल्या होत्या. सगळ्या बांध्या हिरव्या, काकांच्या तेवढ्या बांधीत नुसतं पाणी. कोपऱ्यात पऱ्हे जून होऊन पिवळे पडलेले. काका ओसरीवर बसले होते, माझ्याकडे बघेनात. काकू दुसऱ्याच्या रोवणीवरून मजुरी करून नुकत्याच आल्या होत्या, पोटऱ्यांपर्यंत चिखल. मी त्यांना सगळं सांगितलं, त्या मेल्या काकडीसकट. शेवटी म्हणालो, "काकू, चुकलो हो. मी अजून शिकाऊ आहे."

त्यांनी पायावर पाण्याचा लोटा रिता केला.

"शिकूनच राहिले होते, तं तसं सांगाचं होतं नं," त्या म्हणाल्या. "आमी रोवून टाकलं असतं."