बॅटरीवाल्या वन्सं

रोज सकाळी मी चहाचा कप पुढे ठेवला की वन्सं माझ्याकडे नीट निरखून पाहतात आणि अदबीने विचारतात, "आपण कोण?"

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. त्यांच्या धाकट्या भावाशी, म्हणजे त्यांच्या बाळशी, लग्न करून मी या घरात केस पांढरे केले, तरी त्यांच्या लेखी मी आज सकाळीच आलेली पाहुणी. सुरुवातीला मी सरळ सांगायची की मी तुमची भावजय. मग त्यांचा चेहरा पडायचा. बाळचं लग्न झालं आणि मला कुणी कळवलंही नाही, असं म्हणून खरोखर वाईट वाटून घ्यायच्या. म्हणून हल्ली मी सांगते, "मी चोर आहे, पण आज सुट्टीवर." त्यावर त्या पोट धरून हसतात. विनोद शिळा झालाय तो मला. त्यांच्यासाठी रोज ताजा.

लोकांच्या नणंदा एकेक गोष्ट जन्मभर मनात धरून ठेवतात. आमच्या वन्सं दुपारचं संध्याकाळी विसरतात. भांडायचीसुद्धा सोय नाही.

तरुणपणी त्या थिएटरात बॅटरी दाखवायच्या. सिनेमा सुरू झाल्यावर आलेल्यांना अंधारातून खुर्चीपर्यंत न्यायचं, हे त्यांचं काम. हे सांगायचे, ताईची पद्धत वेगळी होती. ती बॅटरी पुढे धरत नसे. स्वतः पुढे चालायची आणि बॅटरी पाठीमागे खाली धरायची, म्हणजे उजेड मागच्या माणसाच्या पावलांवर पडे. तिला स्वतःला उजेड लागतच नसे. पायाखालच्या गालिच्यावरून तिला कळायचं की आपण कुठे आहोत.

मग एका तापाने घात केला. ताप मेंदूत गेला. जीव वाचला, पण मेंदूच्या आत, दोन्ही बाजूंना, कानाच्या थोडं वर जो हिप्पोकॅम्पस नावाचा बोटभर वाकडा भाग असतो, तो पार खराब झाला. डॉक्टरांनी ह्यांना समजावलं होतं की नवीन गोष्ट मनात ठेवायचं काम त्याचं, आणि नव्या जागेचा नकाशा मनात काढायचं कामही त्याचंच. जुनं बरंचसं शाबूत राहील, नवीन काही टिकणार नाही. मी लग्न होऊन आले ती त्यानंतर. म्हणजे मी पहिल्या दिवसापासूनच न टिकणाऱ्यांत.

आणि हे घरही. त्यांचं जुनं घर पाडलं गेलं, म्हणून आम्ही इथे आलो. वन्संच्या मनात मात्र नकाशा जुन्याच घराचा. अंथरुणातून उठून डावीकडे वळल्या की तिथे मोरी असणार, याची त्यांना खात्री. इथे डावीकडे कपड्यांचं कपाट. कितीदा तरी त्या कपाटाचं दार उघडून ह्यांच्या शर्टांसमोर गोंधळून उभ्या राहिलेल्या मी पाहिल्या आहेत. मी चिडायचे. सरळ पुढे जा, शंभरदा सांगितलं, असं ओरडायचे. ते शंभरदा त्यांच्यापर्यंत पोचलेलंच नसायचं, हे माझ्या डोक्यात शिरायला फार वेळ लागला. विसराळू कोण, असा प्रश्न पडावा.

शेवटी गालिच्याची गोष्ट आठवून मी काथ्याची एक लांब पट्टी आणली. पलंगापासून मोरीपर्यंत, तिथून स्वयंपाकघर आणि बैठकीपर्यंत अंथरली. रोज त्यांचा हात धरून तिच्यावरून चालवायची. डॉक्टर म्हणाले, करून बघा, पायांची सवय मेंदूत वेगळ्या ठिकाणी राहते. बरेच महिने काही झालं नाही. मग एक दिवस वन्सं उठल्या आणि कपाटाकडे न वळता पट्टीवरून तडक मोरीत गेल्या. बाहेर आल्यावर मी विचारलं, रस्ता कसा कळला? त्या म्हणाल्या, "मी तर या घरात पहिल्यांदाच येतेय." त्या दिवशी आम्ही दोघं नवराबायको लहान मुलांसारखे हसलो होतो.

हे गेले, तेव्हापासून हसणं एकटीचं झालं. बाळ कुठे आहे, असं वन्सं विचारायच्या. पहिले काही दिवस मी खरं सांगितलं. दर वेळी त्यांना ते पहिल्यांदाच कळायचं, आणि दर वेळी त्या ऊर बडवून रडायच्या. तासाभराने त्या मोकळ्या व्हायच्या, मी तिथेच. रडायचं दोघींनी, साठत जायचं माझ्या एकटीकडे. मग मी सांगू लागले, कामावर गेलेत, उशीर होईल. संध्याकाळी स्वतःच्याच थापेवर विश्वास ठेवून दाराकडे बघत बसायचे.

घरात दोन माणसं, पण ह्यांची या घरातली आठवण कुणाशी काढावी, तर कुणीच नाही. कधीकधी वाटायचं, एकदा, फक्त एकदा, या बाईने मला ओळखावं. बाकी काही नको.

माझी धाकटी बहीण स्पष्ट बोलणारी. तिने अशा माणसांना सांभाळणारी एक संस्था पाहून ठेवली होती. ती म्हणाली, "ती तुला ओळखतच नाही, ताई. तू काय आणि तिथली नर्स काय, तिला सारखंच." मला राग आला, कारण ते खरं होतं. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, दुसऱ्या डोळ्याने तर आधीच फारसं दिसत नव्हतं. माझं मलाच होत नव्हतं, तिथे त्यांचं कोण करणार? मी होकार दिला. ऑपरेशन होऊन मी घरी आले की चार दिवसांनी वन्संना पोचवायचं.

मी दवाखान्यात असताना बहीण त्यांच्याजवळ राहिली. मला आणायला आली तेव्हा वन्संना शेजारणीवर सोपवून आली. घरी येताना गाडीत म्हणाली, तुझी एकदाही चौकशी केली नाही हो तिने. मी म्हटलं, करतील कशी?

उजेड डोळ्याला लागू नये म्हणून तिने घरातले सगळे पडदे ओढून ठेवले होते. शेजारणीने दार उघडलं तर आत मिट्ट काळोख, त्यात माझ्या एका डोळ्यावर पट्टी. मी उंबऱ्यातच भिंत चाचपडत उभी राहिले. आपल्याच घरात पाऊल कुठे टाकावं ते कळेना. भीती वाटली, आणि खोटं कशाला सांगू, रडू आलं.

तेवढ्यात कुणीतरी माझं कोपर हलकेच धरलं.

"पायाकडे लक्ष ठेवा," वन्सं हळू आवाजात म्हणाल्या. सिनेमा सुरू असावा तशा.

बॅटरी नव्हती. पण त्यांचा दुसरा हात पाठीमागे, खाली धरलेला मला जाणवला. त्या पुढे, मी मागे, पायाखाली काथ्याची पट्टी. बहीण काही बोलायला गेली, मी तिला थांबवलं.

आमच्या बैठकीत ह्यांची गादीची मोठी खुर्ची आहे. आल्यागेल्याला वन्सं नेहमी तीच दाखवतात. पाहुण्याला चांगली जागा, हा त्यांचा नियम. माझ्या बहिणीलाही त्यांनी रोज तिथेच बसवलं होतं. ती खुर्ची मागे पडली. आम्ही पुढे गेलो. स्वयंपाकघराच्या दाराशी एक वेताची खुर्ची आहे, एक हात मोडलेली. पाहुण्याला कधी देऊ नये अशी. भाजी निवडायला, ह्यांची वाट बघायला मी इतकी वर्षं तिथेच बसत आले.

वन्संनी माझा हात त्या खुर्चीच्या पाठीवर ठेवला.

"ही तुमची जागा."

मी बसले. मोडका हात नेमका माझ्या डाव्या बाजूला होता, रोजच्यासारखा. मग वाकून, अदबीने वन्संनी विचारलं, "आपण कोण?"

बहिणीने माझ्याकडे पाहिलं. मी तिला म्हटलं, संस्थेत फोन करून नाही म्हणून सांग. मग वन्संना म्हटलं, "मी चोर आहे, पण आज सुट्टीवर."

त्या पोट धरून हसल्या.