न बघता लिहिलेलं शून्य

काकूंनी हंडा उचलला आणि अंगणात उपडा केला. मग दुसरा. मग कळशी. मी बॅटरी हातात घेऊन पडवीच्या पायरीवर उभी होते, आणि मला आनंद झाला होता. खरंच सांगते, आनंद.

कारण आमचं कामच ते. पावसाळ्यात आरोग्य केंद्राकडून घरोघर जायचं. पाण्याच्या भांड्यांत डासांच्या अळ्या आहेत का, बघायचं. आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी ओतून कोरडी ठेवा, म्हणून सांगायचं. लोक हो हो म्हणतात आणि आपली पाठ वळली की विसरतात. माझा कामाचा पहिलाच आठवडा, आणि आंब्याच्या एवढ्या मोठ्या बागायतदाराच्या घरची बाई माझ्यासमोर भरलेली भांडी ओतत होती. मी म्हटलं, "थँक्यू काकू. सगळ्यांनी असं ऐकलं तर डेंग्यू होणारच नाही."

काकू माझ्याकडे न बघता आत सुनेला ओरडल्या, "अगो, ही वाकली सगळ्या भांड्यांत. पंप चालू कर, परत भरायला हवं."

थँक्यू म्हणून बसले होते. ते परत कसं घेणार?

मी बौद्धवाडीतली. हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. रत्नागिरी तालुक्यातलं एवढंसं गाव, कोण कुठल्या वाडीतलं ते सगळ्यांना पाठ असतं. काकूंनी मला शिवी दिली नाही. आवाजही चढवला नाही. शिवी दिली असती तर मी उलट बोलले असते, तेवढं तोंड मला आहे. पण भांडी ओतणाऱ्या बाईला काय बोलणार? भांडी ओता, हेच तर सांगायला मी गेले होते.

आरोग्य सहाय्यक साहेब म्हणजे आमच्या कामावर देखरेख ठेवणारे. त्यांना सांगितलं. ते हसले. "बरंच झालं की. कोरडा दिवस आपोआप पाळला गेला." मग खुर्ची पुढे ओढून समजुतीच्या सुरात म्हणाले, "त्या घरात आत जायचं नाही. अंगणात उभं राहायचं, त्या सांगतील ते लिहायचं. तुझ्या आधीच्या मुलीही तेच करायच्या. मोठ्या माणसांशी वाकडं कशाला?"

माझं काम हंगामी. पुढच्या वर्षी यादीत माझं नाव घालायचं की नाही, ते साहेब ठरवणार. नवरा मुंबईला, इथे मी आणि सासू. मी मान डोलावली. इतक्या सहज डोलावली की आज आठवलं तरी माझ्याच कानाखाली मारावीशी वाटते.

दोन पावसाळे मी अंगणात उभी राहिले. काकू पडवीत झोपाळ्यावर. "लिही, काही नाही हो आमच्याकडे." फॉर्मवर एक रकाना असतो, दूषित भांडी, म्हणजे अळ्या सापडलेली. त्यात शून्य. मग दाराशेजारच्या भिंतीवर खडूनं तारीख आणि शून्य. एकदा पाऊस सपासप मारत होता. काकू म्हणाल्या, "गोठ्याच्या वळचणीला उभी राहा, भिजशील." मला तेव्हा त्यांच्याबद्दल बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं. घरात पाय ठेवू न देणारी बाई वळचण देते आणि आपण उपकार मानतो.

आणि हीच मी आमच्या वाडीत वाघीण. करवंट्या, डबे, जुने टायर, सगळं स्वतः उलटं करायची. म्हाताऱ्यांवरसुद्धा खेकसायची.

तिसऱ्या पावसाळ्यातही तेच चालू असताना वहिनी तापानं पडली. माझ्या भावाची बायको, राहायला आमच्याच वाडीत. ती त्याच काकूंकडे परसात भांडी घासायला जायची; घासलेली भांडी काकू पाणी शिंपडून मगच आत न्यायच्या. डोळ्यांच्या मागे दुखतंय म्हणाली, मग अंगावर पुरळ आलं. रक्त तपासलं. डेंग्यू. रत्नागिरीला दवाखान्यात ठेवावं लागलं.

दुसऱ्या दिवशी धुराचं मशीन घेऊन गाडी आली. कुठे? बौद्धवाडीत. साहेब वाडीच्या मधोमध उभे राहून म्हणाले, "किती वेळा सांगायचं? तुम्हाला स्वच्छताच नको." सगळ्यांच्या हातात नोटिसा दिल्या. वाडीत एकही दूषित भांडं नव्हतं. मीच तपासली होती सगळी. काकूंच्या वरच्या आळीकडे गाडी वळलीसुद्धा नाही. तिथे शून्य होतं ना! माझ्या अक्षरातलं.

संध्याकाळी दवाखान्यात गेले. वहिनी क्षीण आवाजात म्हणाली, "काकूंच्या मागच्या दारी ती दगडी डोण हाय ना पान्याची, तिच्यात अळ्या वलवलतात. मी तितंच तर भांडी घासतंय. मना वाटला, तू बगितलं असशील नि लिवलं असशील."

तिच्या हाताला सलाईन होतं. मी तिची चादर नीट केली आणि बाहेर आले.

आता बोलावं तर शून्य कुणी लिहिलं? मी. सही कुणाची? माझी. साहेबांनी सांगितलं होतं ते तोंडी. न बोलावं तर डोण तिथेच, अळ्या तिथेच, आणि वहिनीच्या जागी उद्या दुसरी कुणी. काकूंचा राग येत होता, साहेबांचा येत होता. सगळ्यात जास्त माझा.

पुढच्या फेरीला मी अंगणात थांबलेच नाही. घराला वळसा घालून सरळ परसात गेले. डोणीत बॅटरी मारली. पाणी नुसतं हलत होतं अळ्यांनी.

काकू धावत आल्या. "अगो, शिरलीस कुठे? मागे यायला कुणी सांगितलं तुला?"

"माझं कामच आहे ते. ही डोण ओता."

"तुझ्या सांगण्यावरून?"

"ओतायची सवय आहे तुम्हाला," मी म्हटलं.

पुढे येऊन भिंतीवर तारीख लिहिली. आकडा लिहिला. एक. "पूस ते," काकू म्हणाल्या. मी पुसलं नाही. त्यांनी ओलं फडकं आणून पुसलं. फॉर्मवरचा एक माझ्या पिशवीत होता.

साहेबांनी बोलावून घेतलं. "दोन वर्षं शून्य आणि आता एक? तूच अडकशील." तीन वर्षांत माझ्याशी ते एवढंच खरं बोलले.

मी तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांना अर्ज लिहिला. पहिलं वाक्य: या घरातली भांडी न बघता दोन पावसाळे आणि यंदाही मी शून्य लिहिलं. त्याखाली, कुणी सांगितलं आणि का. साहेबांना कळलं तेव्हा म्हणाले, "जात तेवढी काढ त्यातून, प्रकरण चिघळेल." मी आणखी एका ठिकाणी घातली. अर्ज देऊन पोच घेतली.

वहिनी घरी आल्यावर तिलाही सांगितलं, की मी बघितलं नव्हतं. तिनं भिंतीकडे तोंड केलं. अजून बोलत नाही माझ्याशी. तिनं बोलावं, असं मी म्हणणारही नाही.

अर्जावर उत्तर आलेलं नाही. पुढच्या यादीत माझं नाव नसणार, हे ठाऊक आहे. पण हंगाम संपायला अजून महिना आहे आणि वरची आळी माझ्याकडेच आहे. प्रत्येक घरात मी आत जाणार. कुणी दार अडवलं तर दार अडवलं असं लिहीन, आणि अडवणाऱ्याचं नाव लिहीन.